डोंगराचा पाय

आपल्या जागेत आपण काय बांधावं, हे दुसऱ्यानं सांगू नये असं आपल्याकडं समजतात. जागा माझी, पैसा माझा, घाम माझा. मग खोली पुढं काढीन नाहीतर मागं काढीन, तुला काय त्याचं? सपाट मुलखातल्या गावात हे बोलणं बऱ्यापैकी चालून जातं. तिथं दोन घरांत भांडण लागलंच तर ते पागोळ्यांचं लागतं, नाहीतर हातभर बोळाचं. पण आम्ही डोंगरकडेची माणसं. आमच्यात एका घराच्या परसातला बांध म्हणजे वरच्या घराचा पाया असतो, आणि आपल्या घराचा पाया म्हणजे खालच्या घराचा बांध. असल्या ठिकाणी 'माझी जागा' म्हणजे नेमकी कुठवर, हा प्रश्न गेली काही वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचा पाटण तालुका म्हणजे कोयनेचं खोरं. वर पठार, खाली नदी आणि मधल्या उतारावर वाड्या. जुन्या लोकांनी घरं बांधली ती लहान. सोपा, माजघर, एका अंगाला गोठा, संपलं. आता तेवढ्यात भागत नाही. मुंबईवाली पोरं यात्रेला, गणपतीला बायकापोरं घेऊन येतात. सुनेला वेगळी खोली पाहिजे, संडास-न्हाणी घरातच पाहिजे. हे सगळं रास्तच आहे. बायामाणसांनी अंधारात पावसापाण्याचं बाहेर जावं असं कोण म्हणेल? पण जागा आणायची कुठून? पुढं वाट, दोन्ही अंगांना भावकीची घरं. राहतो तो मागचा उतार. मग मागचा उतार कापायचा आणि खोली मागं सारायची, हा सगळ्यांनाच सोपा मार्ग वाटतो.

पूर्वी हे काम कुदळ-फावड्याचं होतं. दोन माणसं महिनाभर खणायची तेव्हा कुठं दहा फुटांची जागा निघायची. त्या महिन्याभरात जमीन आपली हकीकत सांगायची. कुदळ कुठं खणकन वाजते, कुठं बदकन रुतते, कुठं ओल लागते, हे खणणाऱ्याच्या हाताला कळायचं. ओल लागली की म्हातारी माणसं काम थांबवायची. आता जेसीबी येतो. सकाळी आला की दुपारच्या भाकरीपर्यंत उतार उभा कापून मोकळा. लाल मातीची भिंत मागं उभी राहते, बघायला मोठी झोकदार दिसते, आणि मालकाला वाटतं जागा फुकटात वाढली.

ती फुकटात वाढलेली नसते, हे समजायला खळ्यावरची रास आठवावी. ज्वारीची रास घातली की ती आपला उतार आपणच धरते. कितीही ओता, एका ठरावीक चढापलीकडं ती उभी राहत नाही. आता त्या राशीच्या पायातून एक पाटी भरून घ्या. पाटी खालून भरली तरी दाणे वरून घसरतात. डोंगराचंही तसंच आहे. फरक इतकाच की मातीला थोडा चिकटपणा असतो, झाडांच्या मुळ्यांची वीण असते, त्यामुळं ती लगेच घसरत नाही. एक पावसाळा निघतो, पाच निघतात, कधी वीस निघतात. माणसाला वाटतं, धरलं डोंगरानं.

आमच्या सह्याद्रीची बांधणीही समजून घेण्यासारखी आहे. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम, मधेच कुठं पिवळी चिकणमाती आणि वर लाल माती. पाऊस पडला की पाणी वरच्या मातीतून आणि मुरमातून सहज खाली जातं, पण कातळावर नाहीतर चिकणमातीवर जाऊन अडतं. अडलेलं पाणी वाट शोधत उताराच्या बाजूला सरकतं. वरची माती भिजून जड झालेली आणि तिच्या बुडाशी पाण्याचा थर. ओल्या फरशीवर भरलेलं पोतं ठेवावं तसा प्रकार. त्यात कुणी खालचा टेकू काढून घेतला असेल तर पोत्यानं कुठं जावं? भरीला आमच्या भागाला भूकंप नवा नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेची जमीन हलली तेव्हा मी पोर होतो. तेव्हापासून बारीकसारीक धक्के चालूच असतात. असल्या मुलखात डोंगराला कायमचा धरून चालणं कठीण.

तरी डोंगर न सांगता येतो असं मी म्हणणार नाही. बऱ्याच वेळा तो आधी बोलतो, ऐकणारा पाहिजे. उतारावरचं झाड बुंध्याशी वाकून मग सरळ वर गेलेलं असेल, तर तिथली माती वर्षानुवर्षं थोडीथोडी खाली सरकतेय असं समजावं. विजेचा खांब नाहीतर कुंपणाचे डांब खालच्या अंगाला कललेत का, बघावं. घराच्या वरच्या बाजूला जमिनीत चंद्रकोरीसारखी भेग पडली असेल तर ती बैलाच्या पायानं पडली म्हणून सोडून देऊ नये. तिच्या दोन्ही काठांना दोन खुंट्या ठोकाव्यात आणि मधलं अंतर महिन्या-महिन्यानं सुतळीनं मोजावं. कधी नव्हे तिथं उपळ फुटली, नाहीतर बारमाही झरा एकाएकी बंद पडला, किंवा नितळ झऱ्याला गढूळ पाणी यायला लागलं, तर ते पाणी आत काहीतरी हलल्याचं सांगत असतं. दाराची चौकट विनाकारण अडकायला लागली, मागच्या भिंतीला तिरकी चीर गेली, तरी तेच.

खोली काढायच्या आधी करायची कामंही फार मोठी नाहीत. दोन-तीन ठिकाणी पुरुषभर खड्डा घ्यावा आणि खाली काय काय लागतं ते बघावं. मागचं कापून तीच माती पुढं टाकून जागा केली, तर अर्धी खोली पक्क्या जमिनीवर आणि अर्धी भरावावर येते. भराव बसतो, पक्की जागा बसत नाही आणि दोहोंच्या सांध्यावर भिंत तडकते. नुसती दगडाची भिंत घालून भागत नाही. तिच्या मागं खडीचा थर आणि तिला पाणी जायला भोकं पाहिजेत, नाहीतर ती भिंत म्हणजे पाण्याचा बंधारा होतो आणि फुगून पडते. वरच्या अंगाला चर मारून पाणी बाजूच्या ओघळीत नेलं पाहिजे. नव्या स्लॅबचं पाणी एका पाइपातून कुठं सोडतो, शोषखड्डा उताराच्या कडेला तर घेत नाही ना, हेही बघितलं पाहिजे, कारण तो खड्डा बारा महिने डोंगराच्या पोटात पाणी भरत राहतो. आणि उतार जास्त उभा असला, भेग दिसली, ओल लागली, तर गवंड्याच्या अंदाजावर न जाता भूगर्भ जाणणाऱ्या माणसाला आणून दाखवावं.

जुन्या वास्तुशास्त्रात घर बांधण्याआधी भूपरीक्षा सांगितलेली आहे. खड्डा खणायचा, त्यातलीच माती पुन्हा त्यात भरायची. माती उरली तर जागा चांगली, खड्डा भरला नाही तर वाईट. खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळानं जिरतं ते बघायचं. या परीक्षेनं आजचं सगळं कळेल असं नाही. पण जमिनीला आधी विचारायचं, ही त्यातली रीत मोठी होती. आपण भूमिपूजन ठेवलं आणि भूपरीक्षा सोडली. नारळ फोडतो, कुदळीला हळदकुंकू लावतो, पण ती कुदळ खाली कशात रुतली ते बघायला कुणी वाकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. हे सगळं बघणं ही नुसती हुशारी आहे, का ते कर्तव्य आहे? हुशारी असेल तर ज्याची त्यानं करावी, नाही केली तर त्याचं नुकसान. कर्तव्य असेल तर न करणारा दुसऱ्याचा देणेकरी ठरतो.

आमच्या वाडीतली एक गोष्ट सांगतो. भावकीतल्या एका पोराचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांची अट एकच, वेगळी खोली आणि घरात न्हाणी-संडास. त्यानं मागचा उतार कापायचं ठरवलं, चुन्याची फक्की मारली, जेसीबीवाल्याला सांगावा दिला. त्याच्या बरोबर खालच्या घरात आमची थोरली काकी राहते, एकटी. ती काठी टेकत वर आली आणि म्हणाली, "बाळा, तुझी खोली तुझ्या जागेत, ह्यात वाद न्हाई. पण तुझी माती आन् तुझं पाणी ऱ्हाणार हाय का तुझ्या जागेत?"

पोरगं चिडलं. "आख्ख्या वाडीनं मागं खोल्या काढल्या, काकी. तवा कुणाला इचारलं न्हाईस. माझ्याच टायमाला डोंगूर पडतोय व्हय?"

त्याचं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्याच्या आधी पाच-सहा जणांनी तसंच केलं होतं आणि त्यांची घरं उभी होती. काकीलाही डोंगर पडेलच असं म्हणायचं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "पडल का न्हाई मला काय ठावं? तुलाबी ठावं न्हाई. म्हणूनच म्हणतीया, एक पावसाळा बघ."

एक पावसाळा म्हणजे काय, हे ज्याच्या घरात लग्न ठरतंय त्याला विचारा. मुलीकडचे थांबतील का, याची धास्ती. पण पोरगं शेवटी थांबलं. तीन खड्डे घेतले. कमरेइतकी लाल माती, मग वीतभर पिवळी चिकण, खाली कातळ, तोही बाहेरच्या अंगाला कललेला. आषाढात ते खड्डे भरले. पाऊस उघडून आठवडा झाला, पाणी उपसून टाकलं, तरी सकाळी पुन्हा भरलेले. पाणी वरून पडत नव्हतं, डोंगराच्या बाजूनं येत होतं. वर एक भेग होती तिला खुंट्या मारल्या, पण त्या मात्र सबंध पावसाळ्यात हलल्या नाहीत. म्हणजे साक्ष अर्धी इकडं, अर्धी तिकडं. दिवाळीत त्यानं मागं कापायचा बेत सोडला. गोठा रानात नेला, एक म्हैस विकली आणि गोठ्याच्या जागेवर खोली बांधली, ठरवली होती त्याच्यापेक्षा चार फूट लहान. लग्नानंतरचे काही महिने माजघरात पडदा लावून काढले.

तो मागचा उतार आज आहे तसा उभा आहे. वाडीतली माणसं अजून त्याची चेष्टा करतात. "काकीनं म्हस खाल्ली तुझी," म्हणतात. त्याच्याकडं त्यावर उत्तर नाही, कारण जे घडलं नाही ते दाखवणार कसं? उतार कापला असता तर काय झालं असतं, हे त्यालाही सांगता येत नाही आणि चेष्टा करणाऱ्यांनाही. इकडं ज्यांनी न बघता कापला त्यांची घरं उभी आहेत, म्हणून ते शहाणे ठरलेत.

माझं मत असं झालंय की दरड पडली का नाही पडली, यावरून माणसाला तोलू नये. डोळे झाकून गाडी हाकली आणि वाटेत कुणी आडवं आलं नाही, म्हणून ती हाकणी चांगली ठरत नाही. खालच्या घरात माणूस झोपलंय हे ठाऊक असताना वर काय आहे ते न बघता ज्यानं उतार कापला, त्याचं देणं त्याच दिवशी लागू झालं. डोंगर कोसळला नाही हे डोंगराचे उपकार, त्याचं त्यात काही नाही. आणि ज्यानं बघितलं, विचारलं, जमेल तेवढं सांभाळलं, त्याच्यावर तरीही दरड आली, तर त्याला दोषी धरणं हा अन्याय होईल. आपल्या हातात बघणं आहे, निकाल नाही. उताऱ्यावर हद्द लिहिलेली असते, उताराला हद्द नसते. म्हणून डोंगरात माझी जागा ही माझ्या मातीनं आणि पाण्यानं जिथवर जाणं होईल तिथवर धरली पाहिजे. त्यात काकीचं घर येतं, खालची वाट येते, त्या वाटेनं शाळेला जाणारी पोरं येतात.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं. "ज्याचं भरलं त्याचं भरलं. सपाटीवरची माणसं काय मरत न्हाईत?" दैवावर माझाही विश्वास आहे. पाऊस किती पडावा हे माणसाच्या हातात नाही. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या दरम्यान महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवसांत आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या आणि घाटाखाली महाड तालुक्यात तळीये गाव गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. तसल्या पावसापुढं कुणाची काय मात्रा चालणार? पण दैव हे आपण बघून झाल्यानंतर सुरू होतं. न बघितलेल्या गोष्टीला दैव म्हणणं म्हणजे आपला आळस देवाच्या नावावर लिहिणं. शिवाय मी माझ्या जिवावर पैज लावली तर ती माझी. त्या नव्या खोलीत नातू झोपणार असतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

दुसरं म्हणणं मात्र जड आहे, ते हसण्यावारी नेता येत नाही. ज्याला दुसरी जागाच नाही त्यानं करायचं काय? ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण सकाळी मातीखाली गेलं, १५१ माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. ती वाडी सरकारच्या धोक्याच्या गावांच्या यादीतही नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणाऱ्या ठाकर लोकांना, तुम्ही इथं घर का बांधलं, असं विचारायचं तोंड कुणाला आहे? त्यांच्या वाट्याला दुसरं काही आलंच नव्हतं. बरं, गाव उठवून दुसरीकडं नेलं म्हणजे सुटलं असंही नाही. माळीणचं नवं गाव वसवलं, २०१७ मध्ये माणसं राहायला गेली आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते, भराव खचले. डोंगर कापून सपाटी करायची तर माती बसायला वेळ द्यावा लागतो, मग ती घरधन्यानं केलेली असो नाहीतर सरकारनं.

म्हणून मी जुनं घर आणि वाढीव खोली यांत फरक करतो. जुनं घर वारशानं येतं. ते उतारावर आहे हा आपला गुन्हा नव्हे, आजोबाचाही नव्हे. ते सोडून जा म्हणणाऱ्यानं आधी दुसरी जागा दाखवावी, ती जबाबदारी सगळ्या समाजाची आणि सरकारची आहे. पण वाढीव खोली आपण ठरवून काढतो. कुठल्या अंगाला काढायची, किती कापायचं, पाणी कुठं सोडायचं, या पावसाळ्याआधी का नंतर, हे सगळं आपल्या हातात असतं. जिथं निवड आहे तिथंच कर्तव्य येतं. जितकी निवड मोठी तितकं कर्तव्य मोठं. गावी दोन मजली बंगला बांधणाऱ्या, नाहीतर डोंगर विकत घेऊन त्यावर घरं काढणाऱ्या शहरी माणसावर ते आमच्या पोरापेक्षा किती तरी जास्त येतं. बायकोची हौस, पोरांची सोय, वर्षाचा उशीर, विकलेली म्हैस, ही किंमत खरी आहे, ती मी कमी लेखत नाही. फक्त ती खालच्या घरातल्या माणसाच्या किमतीशेजारी ठेवून बघावी.

परवानगीचा कागद मिळाला की आपण मोकळे झालो असंही समजू नये. कागद बहुतेक वेळा जागा कुणाची आणि बांधकाम किती, एवढंच विचारतो. यादीत नाव नाही म्हणून धोका नाही, हेही इर्शाळवाडीनंतर कुणी म्हणू नये. कागद आणि यादी करणारी माणसं आपल्या परसात पावसाळ्यात येऊन उभी राहत नाहीत. तिथं आपणच असतो.

यंदा कुणाच्या मनात मागं खोली काढायची असेल तर त्यानं एवढं करावं. फक्की मारायच्या आधी मिरगाचा पाऊस पडू द्यावा. चांगली झड लागून सर ओसरली की दिवसाउजेडी काठी घेऊन मागच्या उताराला एक चक्कर मारावी, पाणी कुठून येतंय, कुठं मुरतंय, कुठं साचतंय ते बघावं. आणि परत येताना खालच्या घरी टेकावं, चहा घ्यावा, आणि जे दिसलं ते त्यांनाही सांगावं.